तक्रार कोणाच्या नावावर?

सभासद बंधूंनो, तक्रारनोंदीचा संगणक ऊसनोंदीच्या संगणकाला जोडण्याचे घाटत आहे. या सांध्याला एपीआय म्हणतात. सोय चांगलीच, पण तक्रारदार कोण हे पक्के ठरल्याशिवाय जोडणी करू नये, असे आम्हांस वाटते.

आपल्या होटगी भागात घरात मोबाईल एक आणि ऊसखाती तीन: वडिलांचे, थोरल्याचे, सुनेचे. फोन लावतो धाकटा. म्हणतो, "तोड आली नाही." कोणत्या खात्याची? नावावरून शोधावे तर एकाच नावाचे दोघेतिघे निघतात. मग आडसालीची तक्रार शेजारच्या खोडव्याला चिकटते आणि चिटबॉय भलत्याच बांधावर जाऊन उभा राहतो!

म्हणून ओळख सभासद क्रमांकाचीच धरावी. मोबाईल हा निरोपाचा पत्ता. तो पोराबरोबर पुण्यालाही जातो. दुसरे असे, की गट कार्यालयात कारकून तक्रार लिहून घेतो तेव्हा ती त्याच्याच नावावर पडते, उत्तरही त्यालाच जाते. तक्रारदार व लिहिणारा असे दोन रकाने हवेतच.

नुसता क्रमांक सांगून मात्र भागणार नाही. काटापावती कोणीही वाचतो. तेवढ्यावर बिल दाखवले तर भावकीत काय होईल, ते सांगायला नको. खात्यावर नोंदलेल्या मोबाईलवर ओटीपी जावा, तो जुळला तरच माहिती मिळावी. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने १४ दिवसांत पैसे, उशीर झाल्यास सालीना १५ टक्के व्याज. हा हक्क ज्याच्या त्याच्या खात्याचा आहे.

तरी आपल्या खात्यावर कोणता मोबाईल नोंदला आहे, तो गट कार्यालयात पाहून घ्यावा. मयत सभासदाची वारसनोंद राहिली असल्यास तीही करून घ्यावी.