राखायचे काय आणि रोखले काय!



फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाखाली टोपली घेऊन बसणारी बाई झाडाचे काय नुकसान करते? काहीच नाही. मोहाचे फूल आपोआप गळते. वेचले तर घरात अन्न, न वेचले तर माती. तरीही १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली या फुलाची साठवण, वाहतूक आणि विक्री बंधनात अडकली. राज्य सरकारने ही बंधने सैल केली ती थेट २०२१ साली!

आता सफेद मुसळी पाहा. पहिल्या पावसाबरोबर येणारी तिची कोवळी पाने म्हणजे कुलूची भाजी. कुठे तिला फोडशी म्हणतात. पाने खुडली तरी मुळ्या जमिनीत राहतात आणि पुढल्या मृगाला पुन्हा फुटतात. पण औषधाच्या बाजारात किंमत आहे ती मुळ्यांना. मुळ्या उपटल्या की झाड संपले. बीही फार थोडे उगवते. शास्त्रीय नावात बोरिवलीचे नाव मिरवणारी ही वनस्पती आज रानात दुर्मिळ झाली आहे. म्हणजे ज्याला धोका नव्हता त्याला बेडी, आणि जिला धोका होता ती पोत्यात भरून गेली.

उपाय म्हणून लागवड सांगितली गेली. २००० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने मुसळीला प्राधान्य दिले. पण बेणे महाग विकून 'माल आम्हीच घेऊ' म्हणणारे काढणीच्या वेळी गायब झाले, हा अनुभव अनेक शेतकऱ्यांनी घेतला. लागवड हवीच, पण बाजाराची हमी नसलेली लागवड म्हणजे शेतकऱ्याच्या गळ्यात धोंडा.

आमचीही चूक आम्ही कबूल करतो. फुले वेचायला सोपे जावे म्हणून मोहाखालचा पाला जाळतो, त्यात रोपे करपतात. जुनी झाडे उभी आहेत, नवी दिसत नाहीत. आज मोह दुर्मिळ नाही, पण उद्याचे काय?

२००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी आणि राखणीचा अधिकार दिला आहे. तो वापरा. ग्रामसभेत ठराव करा : मोहाखाली आग नाही, रानातल्या मुसळीची पाने खुडू, मुळी उपटणार नाही. आणि सरकारकडे एकच मागणे : मोहफुलाला रास्त भाव द्या. पोट भरणारे झाड कोणी तोडत नाही.