अरण्यातील पाहुणे

थंडीचे दिवस जवळ आले की शाळाशाळांतून सहलीचे बेत सुरू होतात. कोणी अजिंठ्याचे नाव घेतो, कोणी मांडूचे, तर कोणी असीरगडावरच समाधान मानतो. अलीकडे मात्र विद्यार्थ्यांच्या तोंडून आणखी एक मागणी ऐकू येते. त्यांना वन्य प्राणी पिंजऱ्यात नव्हे, तर त्यांच्या स्वतःच्या अरण्यात पाहावयाचे असतात. पडद्यावर आफ्रिकेतील गोरिला पाहिलेल्या मुलाला तो प्रत्यक्ष पाहावासा वाटला, तर त्यात नवल नाही.

या इच्छेला हसण्याचे काही कारण नाही. उलट, बऱ्हाणपूरच्या विद्यार्थ्याने गोरिलाच्या भेटीचा बेत एकदा कागदावर नीट मांडून पाहावा, असे आम्ही सुचवितो. तो बेत तडीस जाईल की नाही हा प्रश्न वेगळा. परंतु त्या कागदावर जे नियम उतरतील, ते आपल्या सातपुड्यात पाऊल टाकण्यापूर्वीच उपयोगी पडणारे आहेत.

पर्वतीय गोरिला पृथ्वीच्या पाठीवर दोनच भागांत राहतो. रवांडा, युगांडा आणि काँगो या देशांच्या सीमेवरील विरुंगा ज्वालामुखींच्या रांगेत, आणि तेथून थोड्या अंतरावर ब्विंडी नावाच्या दाट अरण्यात. जगातील कोणत्याही प्राणिसंग्रहालयात तो नाही. त्याला पाहावयाचे तर त्याच्याच दारी जावे लागते, आणि तेथे दार उघडण्याच्या अटी कडक आहेत. युगांडात व रवांडात एका गोरिला-कुटुंबाच्या भेटीस दिवसाकाठी आठच पाहुण्यांना सोडतात आणि भेट एक तासाची असते. पंधरा वर्षांखालील मुलांस परवाना मिळत नाही. म्हणजे आपले बहुतेक बालवाचक दारातूनच परत फिरतील! ज्याला सर्दी-पडसे आहे त्यालाही जाता येत नाही. कारण गोरिला हा माणसाचा जवळचा आप्त असल्याने आपले साधे दुखणे त्याच्या कुटुंबावर जीवघेणे संकट आणू शकते. म्हणूनच त्याच्यापासून अंतर राखून, तोंडावर मुखपट्टी बांधून उभे राहावे लागते. युगांडात परदेशी पाहुण्याला या एका तासासाठी जुलै २०२४ पासून ८०० डॉलर मोजावे लागतात. रवांडात २०१७ सालीच हा आकडा १५०० डॉलर झाला.

इतके करूनही भेटीची वेळ कोणी ठरवून देत नाही. गोरिला रोज संध्याकाळी नव्या ठिकाणी पालापाचोळ्याचे अंथरूण करतो. वाटाडे पहाटे आदल्या रात्रीच्या त्या जागेवर जातात आणि तेथून माग काढीत निघतात. पाहुण्यांना कधी तासाभरात कळप गाठता येतो, तर कधी दिवसभर चिखलातून चढावे लागते. तक्रार करावयाची कोणापाशी? गोरिला कोणाचा नोकर नव्हे.

या शिस्तीचे फळ मात्र डोळ्यांत भरण्यासारखे आहे. १९८१ च्या गणनेत विरुंगा पर्वतांत सुमारे २५० गोरिला उरले होते. पुढे त्या प्रदेशात युद्धे झाली, रवांडात १९९४ साली भयंकर नरसंहार झाला, लाखो निर्वासित त्या जंगलांच्या कडेला येऊन राहिले. तरीही २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या गणनेत तेथे ६०४ गोरिला भरले, आणि ब्विंडीतील धरून एकंदर संख्या हजारावर गेली. पाहुणे कमी ठेवले म्हणून प्राणी वाचले, आणि पाहुण्यांच्या पैशातून राखणदारांचे पगार निघाले.

या गोरिलांचा आणि आपल्या मध्य प्रदेशाचा एक जुना संबंध आहे. जॉर्ज शॅलर नावाच्या तरुण प्राणिशास्त्रज्ञाने १९५९-६० साली विरुंगा पर्वतांत गोरिलांचा अभ्यास केला. गोरिला म्हणजे छाती बडवीत धावून येणारा राक्षस, अशी तोवर समजूत होती. शॅलर बंदूक न घेता गेले, लपून न बसता गोरिलांना दिसेल असे शांत बसत, आणि हळूहळू ते कळप त्यांना सरावले. तेच शॅलर पुढे १९६३ साली कान्ह्याच्या अरण्यात आले आणि वाघ व हरणे यांच्या जीवनाचा त्यांनी असाच धीराने अभ्यास केला. गोरिलापाशी उपयोगी पडलेला संयम वाघापाशीही उपयोगी पडला.

आता आपल्या दाराशी येऊ. बऱ्हाणपुराहून खकनार, देडतलाईच्या रस्त्याने धारणीस गेले की मेळघाट लागतो. व्याघ्र-प्रकल्पाची योजना १९७३ साली सुरू झाली. तीत प्रथम निवडलेल्या नऊ अरण्यांपैकी मेळघाट हे एक, आणि १९७४ पासून ते व्याघ्र-प्रकल्प म्हणून राखले गेले. खंडू, खापरा, सिपना, गाडगा आणि डोलार या त्याच्या पाच नद्या तापीला मिळतात, आणि तीच तापी पुढे आपल्या शहराच्या घाटाखालून वाहते. १६१५ साली येथे बांधलेला कुंडी भंडारा सातपुड्याच्या पोटातून झिरपणाऱ्या पाण्यावरच भरत आला. तेव्हा सातपुड्याच्या जंगलात आपण जातो ते परक्या मुलखात नव्हे. आपल्या घरच्या पाण्याचे उगमस्थान पाहावयास जातो.

पण जातो कसे? सहलीच्या पद्धतीविषयी आम्हांस बोलावयाचे आहे ते येथेच. दोन बसगाड्या भरून मुले न्यावयाची, वाटेत मोठ्याने गाणी लावावयाची, खाऊची वेष्टने खिडकीतून टाकावयाची, आणि वाघ दिसला नाही की पैसे फुकट गेले म्हणावयाचे, ही रीत सर्रास दिसते. मुलेच तशी वागतात असेही नाही. मोठ्यांनी तर कमाल केली आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पिलांची वाट दोन्ही बाजूंनी अडविली. केवळ छायाचित्रांसाठी! उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला त्या प्रकाराची आपण होऊन दखल घ्यावी लागली. शिकली-सवरलेली माणसे आईची वाट अडवितात, तेव्हा त्यांच्या शिक्षणात काय राहून गेले, याचा विचार शाळांनी करावयास नको काय?

कोणी म्हणेल, मुलांचे वयच गडबडीचे; त्यांना इतक्या नियमांत बांधले तर सहलीचा आनंद काय राहिला? हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. परंतु आनंद कशात मानावयाचा हेही शिकवावे लागते. ज्याला फक्त वाघ पाहावयाचा आहे, त्याच्या दृष्टीने वाघाखेरीज सारे अरण्य रिकामे असते. ज्याला पंजाचा ठसा ओळखता येतो, वानराची धोक्याची हाक कळते, साग आणि सालई यांतला फरक समजतो, त्याला सातपुडा कधीच रिकाम्या हाताने परत पाठवीत नाही.

वनपिंगळ्याचेच उदाहरण घ्या. हा लहानसा घुबडाच्या जातीचा पक्षी १८८४ नंतर शास्त्रज्ञांना दिसलाच नाही. तो नाहीसा झाला असे बहुतेकांनी धरून चालले. १९१४ साली आपण तापीकाठच्या मांडवीस तो मिळविल्याचा एका इंग्रज संग्राहकाचा दावा होता; पुढे तो नमुना संग्रहालयातून चोरलेला जुनाच निघाला. पामेला रासमुसेन या विदुषीने ही लबाडी उघडकीस आणली, खऱ्या नोंदी कोठल्या ते ताडून पाहिले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या सोबत्यांसह शहाद्याजवळच्या जंगलात तो पक्षी जिवंत शोधून काढला. ११३ वर्षांनी! पुढील शोधात तो मेळघाटात आणि आपल्या खकनारच्या जंगलातही आढळला. हा पिंगळा दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसतो. तरीही आमच्या किती विद्यार्थ्यांनी त्याचे नाव ऐकले आहे? गोरिलासाठी समुद्र ओलांडावा लागतो. याच्यासाठी फक्त गप्प बसता आले पाहिजे.

आणखी एका गोष्टीकडे डोळेझाक करून चालणार नाही. अरण्यात केवळ पशुपक्षी नसतात, माणसेही असतात. १९९१ साली ब्विंडीचे राष्ट्रीय उद्यान झाले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणाऱ्या बात्वा लोकांना बाहेर पडावे लागले. गोरिला वाचले, पण ते दुःख खोटे ठरत नाही. मेळघाटातही कोरकूंची गावे हलविली गेली आहेत. कोरकू वाघाला 'कुला' म्हणतात, आणि माग काढण्याची जी विद्या आपण पुस्तकात वाचतो ती त्यांच्या घरात लहानपणापासून असते. अशा माणसाला केवळ गाडीतला वाटाड्या समजणे अनुचित आहे. त्या दिवसापुरते ते आपले गुरुजी होत. त्यांना आदराने प्रश्न विचारावेत, आणि सहलीच्या खर्चातील वाजवी वाटा त्यांच्या पदरी पडेल असे पाहावे.

म्हणून आमची शाळांना व पालकांना सूचना आहे की यंदाच्या वनसहलीचा बेत गोरिलाच्या नियमांवर आखावा. शंभर मुलांची एक मोठी सहल नेण्याऐवजी दहाबारा मुलांच्या लहान तुकड्या हिवाळ्यात पाळीपाळीने न्याव्यात. वनखात्याचा परवाना आधी काढावा. निघण्यापूर्वी महिनाभर वर्गात नकाशा, झाडे आणि पाऊलखुणा यांचा अभ्यास व्हावा. भ्रमणध्वनी घरी राहावा, वही-पेन्सिल सोबत असावी. आजारी मुलाने पुढच्या तुकडीची वाट पाहावी. परतल्यावर प्रत्येकाने काय दिसले याबरोबर काय ऐकू आले हेही लिहावे.

हे सारे तातडीने करावयास हवे, कारण जंगल आपली वाट पाहत थांबणार नाही. २०२२-२३ साली नेपानगरच्या बाजूस किती झाडे बेकायदा पाडली गेली, याच्या बातम्या आपण वाचल्याच आहेत. ज्या जंगलाची झाडे आपल्याला नावाने ओळखता येत नाहीत, ती पडली तरी आपल्याला उणीव जाणवत नाही. विद्यार्थिमित्रांनो, मोठे व्हा, पैसे साठवा, आणि गोरिलाच्या देशी अवश्य जा. परंतु तत्पूर्वी सातपुड्याच्या एखाद्या सागाखाली अर्धा तास न बोलता बसून पाहा. तेवढे ज्याला जमले, त्याला कोणत्याही अरण्यात पाहुणा म्हणून जाण्याचा अधिकार आहे.