सिग्नलला बंद पडणारी गाडी

मुंबईहून बंगळूरला बदली झाली, की सामानाबरोबर हौसेने जपलेली जुनी कार्बोरेटरची गाडीही जाते. रस्त्यावर ती नीट धावते. पण सिल्क बोर्डच्या चौकात न्यूट्रलला उभी राहिली की थरथरते आणि सिग्नल हिरवा होताना नेमकी बंद पडते. मागून हॉर्नचा गजर सुरू होतो! मेकॅनिक स्क्रू फिरवून रेस वाढवून देतो आणि सगळे निर्धास्त होतात. पण हे म्हणजे ताप न उतरवता थर्मामीटर लपवण्यासारखेच झाले.

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचावर आहे. तिथली हवा मुंबईपेक्षा साधारण आठ टक्क्यांनी विरळ. मुंबईत सेट केलेल्या कार्बोरेटरला हे कळत नाही. हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जाते, प्लग काळे पडतात, धुराला पेट्रोलचा वास येतो. इंजेक्शनच्या गाडीत हा हिशेब संगणक सांभाळतो. तिथे थ्रॉटल बॉडीत साचलेली काजळी आधी साफ करून घ्यावी.

तपासणी स्वस्तापासून सुरू करा. प्रथम एअर फिल्टर पाहा. मग प्लग काढून पाहा: काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर हवा जास्त. चोक अर्धवट अडकलेला नाही ना, तेही बघा. त्यानंतर इंजिनवरच्या रबरी नळ्या. जुन्या नळीला चीर गेली, की तिथून जादा हवा आत शिरते आणि बारीक 'सूं' असा आवाज येतो. इंजिन चालू असताना पंखा आणि पट्ट्यापासून हात, पदर, ओढणी दूर ठेवा.

यातली एक जाड नळी ब्रेकच्या बूस्टरकडे जाते, आणि इथेच खरा धोका आहे. ती किंवा बूस्टर गळत असेल, तर न्यूट्रलला इंजिन थरथरते आणि ब्रेकही जड होतो. रेस वाढवली की थरथर लपते. ब्रेकमधला दोष मात्र तसाच राहतो. घरच्या घरी परीक्षा सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा. ते कडक झाले की पाय तसाच दाबून ठेवा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडे खाली गेले पाहिजे. गेले नाही, तर गाडी चालवू नका. मेकॅनिकला घरीच बोलवा.

हे सगळे ठीक असेल तरच स्क्रूला हात लावू द्या, तोही इंजिन गरम झाल्यावर. बहुतेक छोट्या गाड्यांत मिनिटाला ८०० ते ९०० फेरे पुरतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. शेवटी पीयूसी केंद्रावर धूर तपासून घ्या.

आणि हो, हे सारे उघड्यावर करा. बंद गॅरेजमध्ये साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो, ना वास.