तिसरीच्या वर्गातील रविवारचे पत्र

आठ वर्षांचे मूल तिसरीत असते. पुढचे दुधाचे दात पडून तेथे मोठे, ओबडधोबड दात आलेले असतात. वाचता येऊ लागते, हिशेब कळू लागतो; पण रात्री जाग आली तर हात अजून आईच्या पदरालाच शोधतो. अशा वयात मुलाला शिक्षणासाठी परगावी ठेवावे काय, हा प्रश्न आमच्या वाचकांस नवा नाही. जून महिना उजाडला की पत्र्याची ट्रंक आणि वळकटी घेऊन बोर्डिंगला निघालेली मुले आपल्या एस.टी. स्टँडवर दर वर्षी दिसतातच. आज आम्ही जी हकिगत सांगत आहोत ती मात्र परक्या मुलांची आहे. परकी तरी कसे म्हणावे? त्यांतील काहींच्या कानावर पाळण्यात असल्यापासून आयाची मराठी पडत होती.

१८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले व पुढे अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), सोलापूर, वडाळे या भागांत त्यांची मराठी मिशन पसरली. त्यांच्या मुलांच्या शिक्षणाचे काय करावे, हा त्या घरांतील मोठा पेच होता. पुष्कळ जण मुलांस सातासमुद्रापलीकडे नातलगांच्या हवाली करीत; मग वर्षानुवर्षे भेट नाही. १९०१ साली दक्षिणेत पळणी डोंगरावरील कोडाईकानल येथे, सुमारे सात हजार फूट उंचीवर, पूर्वी हॉटेल असलेल्या ‘हायक्लर्क’ नावाच्या वास्तूत एक शाळा उघडली. मार्गारेट एडी नावाच्या बाई तिच्या पहिल्या मुख्याध्यापिका, आणि आरंभीची मुले अवघी १३. संस्थापक प्रॉटेस्टंट होते. परंतु लेकराचा वियोग काही पंथ पाहून होत नाही.

नगरकडच्या मुलाला तेथे पोहोचायचे म्हणजे आधी दौंड, दौंडहून मद्रास मेल, मद्रासला एक स्टेशन सोडून दुसऱ्या स्टेशनावर जाऊन मीटरगेजची गाडी, मग कोडाई रोड, आणि तेथून घाट. मोटाररस्ता होण्यापूर्वी तर हा घाट पायी, घोड्यावर किंवा माणसांनी वाहिलेल्या खुर्चीत बसून चढावा लागे. तिसरीतले पोर एवढा प्रवास करून वर जाई, आणि दुसऱ्या दिवशी इंग्रजी वर्गात बसे.

अमेरिकन पद्धतीच्या तिसरीत दिवसभर एकच बाई. सुटी अक्षरे सोडून जोडाक्षरी इंग्रजी वळण गिरवायचे ते याच वर्षी. पाढे पाठ करायचे तेही याच वर्षी, आणि तेही बारापर्यंतच. आमच्या जुन्या पंतोजींच्या शाळेत तीसपर्यंतचे पाढे, वर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकलेल्या आजोबांना हे ऐकून हसू येईल. तथापि, तेथील बाई मुलांना गोष्टीची पुस्तके मोठ्याने वाचून दाखवीत, हा भाग आपल्या शाळांनी घेण्यासारखा आहे असे आम्हांस वाटते.

ते गिरवलेले नवे वळण प्रथम उपयोगी पडे ते रविवारी. मिशनच्या बहुतेक वसतिगृहांत रविवारी घरी पत्र लिहिण्याचा शिरस्ता असे. फळ्यावर तारीख, खाली ‘प्रिय आई व बाबा’, आणि मग मजकूर: हवा थंड आहे, स्पेलिंगच्या परीक्षेत इतके गुण मिळाले, तळ्याभोवती फिरायला गेलो होतो, मी बरा आहे. पुष्कळ शाळांतून मोठी माणसे ही पत्रे पाकिटात जाण्यापूर्वी पाहत. हेतू शुद्धलेखनाचा असे, आईला उगाच काळजी लागू नये असाही असे. पण मुलाला त्यातून एक धडा आपोआप मिळे, तो असा की रडू आले हे पत्रात लिहायचे नसते.

नायजेरियात वाढलेल्या रूथ व्हॅन रेकेन ह्या मिशनरी कन्येस वयाच्या सहाव्या वर्षी अशाच एका शाळेत ठेवले होते. प्रौढपणी, १९८० नंतरच्या दशकात, तिने एक पुस्तक लिहिले. लहानपणी जे लिहिता आले नाही ते आईबापांस उद्देशून पत्रांच्याच रूपाने लिहिले. त्याच्या नावाचा अर्थच ‘कधी न पाठविलेली पत्रे’ असा आहे. आईबापांच्या प्रेमाविषयी तिला शंका नव्हती. प्रेम असूनही दुःख होते, एवढेच तिला सांगायचे होते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. कोडाईच्या कित्येक माजी विद्यार्थ्यांना ती शाळा दुसऱ्या घरासारखीच आठवते. डोंगरातील पायपीट, तळ्यातील होड्या, भावंडांसारखे मित्र. त्या डोंगरावर बारा वर्षांतून एकदा कुरिंजी फुलते, शेवटची २०१८ साली फुलली. तिसरीत असताना ती पाहिलेले मूल पुढचा बहर येईतो विशीत पोहोचलेले असते. आता ती केवळ मिशनरी मुलांची शाळा राहिलेली नाही. १९७० नंतरच्या दशकात तिने ‘आंतरराष्ट्रीय’ हे नाव घेतले, आणि नाना देशांची, नाना धर्मांची मुले तेथे शिकतात.

आम्हांस त्या जुन्या व्यवस्थेतील सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती निराळीच. वर्ष जानेवारीपासून धरीत, आणि खाली उन्हाळा भडकला की आया डोंगरावर बिऱ्हाड करीत. ते काही आठवडे मूल वसतिगृह सोडून आईच्या हातचे जेवी व तिथूनच शाळेला जाई. शाळेने आपला क्रम आईच्या येण्याशी जुळवून घेतला होता.

आपल्याकडील शेतकरी आईला महिनाभर बिऱ्हाड करणे कोठून जमणार? पण भेटीच्या रविवारी जाणे जमते, आणि पत्र तर जमतेच. आता वसतिगृहात फोन लागतो. तो सर्वांसमक्ष, पाच मिनिटांचा, मागे रांग उभी. पत्र उशीखाली ठेवून पुन्हा वाचता येते. त्यात ‘नीट अभ्यास कर’ हे वाक्य एकदाच लिहावे. बाकीच्या जागेत म्हैस व्याली की नाही, आजीचा गुडघा कसा आहे, परसातल्या फणसाला किती फळे धरली, कुत्रा अजून संध्याकाळी फाटकापाशी जाऊन बसतो काय, हे सविस्तर लिहावे. आणि तुझ्यावाचून घर सुने वाटते, हेही आईने आधी लिहावे, म्हणजे मुलालाही तसे लिहिता येईल.