हाडपेर पुरे होऊ द्या

मा. आयुक्त, क्रीडा व युवक सेवा संचालनालय, महाराष्ट्र राज्य, पुणे यांस



सप्टेंबर 2023 मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर दिल्ली राज्य अ‍ॅथलेटिक्स स्पर्धा सुरू होती. ‘नाडा’चे, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचे, पथक तपासणीला आल्याचे कळले आणि पुरुषांच्या 100 मीटरच्या अंतिम शर्यतीला एकच धावपटू उभा राहिला. बाकीचे आलेच नाहीत. त्याच स्टेडियमच्या स्वच्छतागृहात वापरलेल्या सिरिंज पडलेल्या होत्या. त्या वर्षी भारतातल्या खेळाडूंचे 5,606 नमुने तपासले गेले आणि 213 नमुन्यांत बंदी असलेली द्रव्ये सापडली; म्हणजे शंभरात जवळजवळ चार. चीनमध्ये त्याच वर्षी 28,000 हून अधिक नमुने तपासले गेले आणि तिथले प्रमाण 0.2 टक्के होते. अल्पवयीन खेळाडूंबद्दलचा जागतिक संस्थेचा, म्हणजे ‘वाडा’चा, अहवाल जानेवारी 2024 मध्ये आला. त्यात रशियाच्या खालोखाल भारताचे नाव होते आणि जगभरात सापडलेल्यांत सर्वांत लहान मूल बारा वर्षांचे होते. पकडण्याचे काम नाडाचे आहे, ते तिने करावे. हे पत्र आपल्याला लिहिण्याचे कारण वेगळे आहे. पकडले जाण्याच्या कितीतरी आधी, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींशी या विषयावर कोणीतरी खरे बोलले पाहिजे, आणि क्रीडा प्रबोधिन्या, शालेय स्पर्धा आणि जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांची साखळी हाताशी असलेले आपले कार्यालय तसे बोलू शकते.

आज बोलले जाते ते बहुतेक खरे नसते. ‘इंजेक्शनने नुसती सूज येते, ताकद येत नाही’ असे मुलांना सांगितले जाते. मुलगा तालमीत किंवा जिममध्ये शेजारी बघतो. कालपर्यंत आपल्याबरोबर जोर मारणारा जोडीदार तीन महिन्यांत फुगलेला असतो आणि कुस्तीतही जड जात असतो. तिथेच सांगणाऱ्यावरचा विश्वास उडतो. म्हणून आधी कबूल करू या की अ‍ॅनाबॉलिक स्टिरॉइड, म्हणजे स्नायू वाढवणारी ही द्रव्ये, काम करतात. 1996 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका काटेकोर प्रयोगात 43 पुरुषांना दहा आठवडे पारखले गेले. दर आठवड्याला 600 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन घेऊन व्यायाम करणाऱ्यांच्या अंगावर चरबी सोडून सुमारे सहा किलो वजन चढले. नुसता व्यायाम करणाऱ्यांवर सुमारे दोन किलो चढले आणि काहीही व्यायाम न करता इंजेक्शन घेणाऱ्यांवर तीन किलोच्या आसपास. बसून राहिलेला माणूस घाम गाळणाऱ्याच्या पुढे गेला. हा मोह खरा आहे आणि तो लपवून कोणाचेही भले झालेले नाही.

पण त्या प्रयोगातली माणसे 19 ते 40 वयाची, वाढ पुरी झालेली होती. पंधरा वर्षांच्या मुलाचे शरीर म्हणजे त्याच माणसाची छोटी आवृत्ती नव्हे. त्या वयात शरीर स्वतःच टेस्टोस्टेरॉन बालपणाच्या अनेक पटींनी तयार करायला लागलेले असते आणि त्यावर एकाच वेळी दहा कामे चालू असतात. उंची वाढते ती हाडांच्या टोकांजवळच्या कूर्चेच्या पट्ट्यांमुळे. टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि तेच इस्ट्रोजेन या पट्ट्या कायमच्या बंद करते. हे निसर्गाच्या वेळापत्रकाने घडले की माणूस आपल्या उंचीला पोहोचतो. बाहेरून भरमसाट माल आला की दार वेळेआधी लागते आणि मग ते कोणत्याही डॉक्टरला उघडता येत नाही. आपल्याकडे मुलगा बघताना म्हातारी माणसे हाडपेर बघतात, ते उगाच नाही. हाडपेर एकदाच घडते.

दुसरी गोष्ट आतल्या कारखान्याची. मेंदूतली पीयूषिका ग्रंथी रक्तातले टेस्टोस्टेरॉन मोजत असते आणि कमी पडले तर वृषणांना कामाला लावते. सुईतून मुबलक पुरवठा सुरू झाला की ती आदेश देणे थांबवते. वृषणे आक्रसतात, शुक्राणू घटतात. कोर्स संपल्यावर प्रौढ माणसाचा कारखाना बहुधा पुन्हा सुरू होतो, तरी त्याला महिने लागतात आणि काहींचा वर्षानुवर्षे पूर्ववत होत नाही. मधल्या काळात ताकद ओसरते, मन खचते, आणि त्यातून सुटायला पुढचा कोर्स घेतला जातो. ज्याचा कारखाना अजून उभारलाच जातो आहे, त्याच्यात हा व्यत्यय किती खोल जातो हे प्रयोग करून बघण्याची परवानगी कोणतीही नीतिमत्ता असलेली वैद्यकीय समिती देणार नाही, आणि दिलीही नाही.

एका देशाने मात्र तो प्रयोग केला. पूर्व जर्मनीने 1974 पासून ‘स्टाट्सप्लानथेमा 14.25’ या नावाखाली सरकारी पातळीवर खेळाडूंना स्टिरॉइड द्यायला सुरुवात केली. येनाफार्म या सरकारी कारखान्यात बनणारी ओराल-ट्युरिनाबॉलची निळी गोळी जलतरण तलावांवर आणि मैदानांवर पोहोचू लागली. किशोरवयीन मुलींना ती जीवनसत्त्वाची गोळी म्हणून दिली जाई. एकूण दहा हजारांच्या आसपास खेळाडू या योजनेतून गेले असा अंदाज आहे. योजना यशस्वी झाली, हे मान्य केलेच पाहिजे: 1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये महिलांच्या जलतरणातल्या तेरा सुवर्णपदकांपैकी अकरा पूर्व जर्मनीने नेली. बर्लिनची भिंत पडल्यावर ब्रिगिटे बेरेन्डोंक आणि वेर्नर फ्रांके या दांपत्याने गोपनीय कागद बाहेर काढले, तेव्हा दुसरी बाजू दिसली. मुलींचे आवाज घोगरे झाले होते आणि तसेच राहिले होते. यकृताचे, हृदयाचे, स्त्रीरोगांचे विकार जडले होते. 1986 ची युरोपीय गोळाफेक विजेती हायडी क्रीगर हिला सोळाव्या वर्षापासून या गोळ्या दिल्या गेल्या होत्या. पुढे लिंगबदल करून आंद्रेयास क्रीगर झाल्यावर त्यांनी जाहीरपणे सांगितले की आपण कोण आहोत हे स्वतः शोधण्याची संधीच त्या गोळ्यांनी हिरावून घेतली. 2000 साली बर्लिनच्या न्यायालयाने क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड आणि डॉक्टर मानफ्रेड ह्योपनर यांना दोषी ठरवले. शिक्षा निलंबित तुरुंगवासाची. नंतर सरकारने 194 जणांना प्रत्येकी सुमारे दहा हजार युरो भरपाई दिली.

पूर्व जर्मनीचे उदाहरण एवढे लांबवण्याला कारण आहे. ‘डॉक्टरच्या देखरेखीखाली घेतले तर काही होत नाही’ हा युक्तिवाद आपल्याकडे वारंवार ऐकू येतो, आणि त्याला याहून स्पष्ट उत्तर नाही. तिथे देखरेख होती. प्रशिक्षित डॉक्टर होते, मात्रा ठरलेल्या होत्या, रक्त-लघवीच्या तपासण्या होत्या, नोंदी इतक्या बारकाईने ठेवलेल्या होत्या की पुढे त्याच न्यायालयात पुरावा झाल्या. आपल्या गावातल्या मुलाला मिळते ते चिठ्ठीशिवाय विकत घेतलेले इंजेक्शन, मात्रा सांगणारा जिमचा ट्रेनर, आणि बाटलीत नेमके काय आहे याची खात्री कोणालाच नाही.

‘एखादा कोर्स घेतल्याने काय होते?’ असेही विचारले जाते. एका कोर्सने प्रत्येकाचे काही होतेच असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे पुन्हा त्या सुजेच्या थापेसारखे होईल. पण एकावर थांबणारे थोडे असतात, आणि सोळाव्या वर्षी सुरू करणाऱ्यापुढे पुढची वीस वर्षे मोकळी असतात. त्या वीस वर्षांचा हिशेब बोस्टनमधल्या संशोधकांनी 2017 मध्ये मांडला. 140 वेटलिफ्टिंग करणाऱ्या पुरुषांपैकी 86 जणांनी दीर्घकाळ स्टिरॉइड घेतले होते. न घेणाऱ्यांचे हृदय प्रत्येक ठोक्याला आतले सरासरी 63 टक्के रक्त बाहेर फेकत होते, घेणाऱ्यांचे 52 टक्के, आणि घेणाऱ्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत थरही जास्त साचलेला होता. डेन्मार्कमध्ये जिममधल्या तपासणीत सापडलेल्या 545 पुरुषांची तुलना त्याच वयाच्या इतर पुरुषांशी केली, तेव्हा त्यांच्यातले मृत्यूचे प्रमाण तिप्पट निघाले. हे अभ्यास निरीक्षणाचे आहेत, घेणाऱ्यांच्या इतर सवयींचाही त्यात वाटा असणार. तो वजा केला तरी जे उरते ते एखाद्या आईबापाला बेचैन करायला पुरे आहे.

सगळ्यांत अवघड आक्षेप आरोग्याचा नाहीच. तो असा: समोरचा घेतो, मी नाही घेतले तर हरतो, हरलो तर प्रमाणपत्र नाही, प्रमाणपत्र नाही तर नोकरी नाही. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत, मोठ्या मैदानांत चारचाकी गाड्या बक्षीस लागतात. दोन एकर कोरडवाहू जमीन असलेल्या घराने पोराच्या खुराकासाठी म्हैस ठेवलेली असते आणि दुधाचा पैसा सोडलेला असतो. त्या घराला ‘तब्येत सांभाळ’ एवढेच सांगणे अपुरे आहे. म्हणून हिशेब त्याच भाषेत करू. स्टिरॉइडसाठी नेहमीची बंदी चार वर्षांची असते. सतराव्या वर्षी सापडून पूर्ण बंदी भोगणारा मुलगा एकविसाव्या वर्षी परत येतो, म्हणजे ज्या वयात भरती व्हायचे त्याच वयात तो बाहेर बसलेला असतो. मोठ्या स्पर्धांचे नमुने दहा वर्षांपर्यंत जपून ठेवले जातात आणि तंत्र सुधारले की पुन्हा तपासले जातात. लंडन 2012 मधल्या 94 किलो वेटलिफ्टिंगच्या निकालाचे काय झाले ते प्रत्येक प्रबोधिनीत सांगण्यासारखे आहे: फेरतपासणीत एकेक नाव गळत गेले आणि पाचव्या आलेल्या इराणच्या सईद मोहम्मदपूरला सुवर्ण मिळाले, नवव्या आलेल्याला कांस्य. त्या फेरतपासण्यांत पुन्हा पुन्हा सापडलेले एक द्रव्य होते तेच, पूर्व जर्मनीच्या निळ्या गोळीतले. आणि आपल्या घरचे उदाहरण हवे असेल तर तीन वेळचे महाराष्ट्र केसरी नरसिंग यादव यांचे आहे. खाण्यापिण्यात कोणीतरी मिसळले असे त्यांचे म्हणणे होते, नाडाच्या समितीने ते मान्यही केले होते. तरी ऑगस्ट 2016 मध्ये रिओत आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. शरीरात सापडले की जबाबदारी खेळाडूची, असा हा कायदा आहे. जाणूनबुजून घेणाऱ्याला त्यात कुठेच आडोसा नाही.

‘थांबा’ म्हणजे ‘मोठे झाल्यावर घ्या’ असा अर्थ कोणी काढेल. स्पर्धेचे नियम तेव्हाही तेच राहतील आणि हृदयही तेच. तरीही मी ‘कधीच नको’पेक्षा ‘आता नको’ हा शब्द मुद्दाम निवडतो, कारण सोळा वर्षांच्या मुलासमोरचा प्रश्न आजचा असतो आणि त्या वयात निर्णय बहुधा त्याचा नसतो. तो वस्तादाचा, ट्रेनरचा, कधी बापाचा असतो. पुढे काय गमावतो आहोत हे कळण्याइतके वय होईपर्यंत तरी कोणी त्याच्या वतीने हा सौदा करू नये. थांबून गमावण्यासारखे फार थोडे आहे, कारण या वयात नियमित मेहनत, भरपूर झोप आणि पोटभर दूध, डाळ, अंडी यांवर जी वाढ होते ती आयुष्यात पुन्हा कधी इतक्या स्वस्तात होत नाही. स्नायू झपाट्याने फुगतात तेव्हा स्नायुबंध त्याच वेगाने मजबूत होत नाहीत, हेही कुस्तीत पटकन कळते, बहुधा खांद्यात. आणि यशालाही एवढी घाई नसते: कुस्तीगीर खाशाबा जाधवांनी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते.

आपल्याकडे मागणे मोजके आहे. प्रबोधिनीत आणि शालेय राज्य स्पर्धांत मुलामुलींना, आणि मुलींना वेगळेही, हे सगळे मराठीत आणि न घाबरवता सांगणारा क्रीडावैद्यक तज्ज्ञ नेमा. महिला कुस्ती आता महाराष्ट्र केसरीपर्यंत पोहोचली आहे आणि घोगरा झालेला आवाज परत येत नाही हे त्या मुलींना कोणी सांगत नाही. मुलाने प्रश्न विचारला तर नाव न नोंदवता उत्तर मिळेल अशी एक खिडकी ठेवा. अनुदान आणि पुरस्कार देताना प्रशिक्षकाने किती पदके आणली याबरोबर त्याच्या हाताखालचे किती जण विशीनंतरही खेळताहेत हे विचारा. आणि अल्पवयीन खेळाडू सापडला तर चौकशी त्याच्या प्रशिक्षकापासून सुरू होऊ द्या. वाडाच्या 2021 च्या संहितेत अशा मुलांसाठी ‘संरक्षित व्यक्ती’ हा वर्ग आहे आणि त्यांच्या आसपासच्या माणसांची चौकशी तिथे अपेक्षितच आहे. राज्याने आपल्या मान्यताप्राप्त प्रशिक्षकांना ते लेखी कळवायला दिल्लीच्या परवानगीची गरज नाही. 15 जानेवारीला, खाशाबांच्या जयंतीला, राज्य क्रीडा दिन असतो. प्रशिक्षकांना पाठवायचे ते पत्र त्या दिवशी प्रत्येक तालमीत आणि प्रबोधिनीत वाचून दाखवले जावे, एवढी विनंती.

आपला,
एक क्रीडाप्रेमी नागरिक