बंदुकीचा भाव

बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला लोक निवृत्तीनंतरही दोनच प्रश्न विचारतात. ठेवीवर व्याज किती मिळेल आणि अमुक वस्तूची किंमत किती येईल? गेल्या वर्षी पेनसिल्व्हेनियात मुलाकडे गेलो होतो. तिथल्या शेजारच्या आजीबाईंनी मला दुसरा प्रश्न विचारला. वस्तू मात्र अशी, की तारण म्हणून ती माझ्या टेबलावर कधीच आली नव्हती : दिवंगत यजमानांची शिकारीची बंदूक.

माझ्या मुलाच्या एका मित्राला ती हवी होती. त्याने दोनशे डॉलर देऊ केले होते. ‘तुम्ही बँकेतले. हा भाव योग्य आहे का?’ आजीबाईंनी सरळ विचारले. मुलाने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ मला कळला. पण उत्तर येत नसताना होकार देण्याची सवय नोकरीत लागली नव्हती. एक दिवसाची मुदत मागून घेतली.

बंदूक होती बारा बोअरची, विंचेस्टर कंपनीची ‘मॉडेल बारा’. पंप-अ‍ॅक्शन म्हणजे बार उडाल्यावर नळीखालची लाकडी पकड मागे ओढायची, रिकामे काडतूस बाहेर पडते; पुढे सारली की नवे आत जाते. हे मॉडेल १९१२ साली निघाले आणि १९६४पर्यंत सुमारे वीस लाख नग विकले गेले. पोलादाचे घडीव भाग आणि हाताची जुळणी यांमुळे ते महाग पडू लागले. १९५०मध्ये आलेल्या रेमिंग्टनच्या स्वस्त ‘८७०’ने त्याचे गिऱ्हाईक पळवले. ‘८७०’चा खप पुढे एक कोटीच्या वर गेला. वस्तू चांगली असूनही धंदा कसा बुडतो, याचा हा धडा आमच्या कर्जविभागात शिकवायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन गावातल्या बंदुकीच्या दुकानात गेलो. म्हाताऱ्या दुकानदाराने मोकळेपणाने सांगितले. नळीतून उजेडाकडे पाहा, गंजाचे खड्डे दिसतात का. दस्त्याला जिथे हात धरतो तिथे चीर गेली आहे का. नळीवरचा आणि मुख्य भागावरचा क्रमांक एकच आहे का. पोलादावरचा निळसर रंग मूळचा आहे की पुन्हा चढवलेला? रंग नवा असेल तर कोरलेली अक्षरे पुसट होतात आणि संग्राहक पाठ फिरवतो. शिकाऱ्याला त्याचे काही नसते. शेवटचा मुद्दा मला फार आवडला. जुन्या नळीचे तोंड बहुधा कायमचे आवळलेले असते. अमेरिकेत १९९१पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीला शिशाचे छरे चालत नाहीत आणि पोलादी छरे अशा जुन्या नळीत घालू नयेत, असे जाणकार सांगतात. म्हणजे बंदुकीत काही बिघडले नाही, कायदा बदलला आणि बदकांच्या शिकाऱ्यापुरती तिची किंमत उतरली.

तशाच एका बंदुकीवर दुकानात सहाशेची चिठ्ठी होती. ‘आणि तुम्ही विकत घ्याल केवढ्याला?’ मी विचारले. ‘साडेतीनशे.’ दुकानाचे भाडे, पगार, महिनोन्‌महिने पडून राहणारा माल, हे सारे मधल्या अडीचशेत. घरगुती व्यवहारात तो खर्च नाही, तेव्हा रास्त भाव या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असणार. आजीबाईंच्या बंदुकीची नळी स्वच्छ होती, क्रमांक जुळत होते, तोंड आवळलेले होते. मी साडेचारशे सांगितले.

मित्राने पैसे दिले, पण चेहरा पाडून. रात्री जेवताना मुलगा म्हणाला, ‘बाबा, त्या खूश होत्या, तो खूश होता. तुमचं काय जात होतं?’

माझे काय गेले होते, ते त्याला तेव्हा सांगितले. १९९६ साली माझे वडील गेले. कोकणात आमच्या बागेत रानडुकरांचा उपद्रव, म्हणून त्यांच्याकडे परवान्याची दुनळी होती. परवानेदार गेला की वारसांना बंदूक घरात ठेवता येत नाही. ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करावी लागते. आम्हा भावंडांपैकी कोणालाच परवाना काढायचा नव्हता. अडला हरी! दुकानदाराने तीन हजार सांगितले, आम्ही मान डोलावली. ती विलायती बनावटीची होती. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकांसाठी अशी आयात जवळपास बंद झाली आणि जुन्या विलायती मालाचे भाव चढले, हे मला फार उशिरा कळले. दुकानदाराला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. त्याने कायदा मोडला नाही. तो फक्त गप्प राहिला. आणि मी? मी त्या वेळी सोनेतारण पाहणारा अधिकारी होतो!

आमचे एक जुने मॅनेजर सराफाने कस लावून दिलेला आकडा कर्जदाराला मोठ्याने वाचून दाखवायला लावत. बाई निरक्षर असली, तरी. ‘आपल्याला माहीत आहे ते तिलाही माहीत हवं,’ एवढेच ते म्हणत. तेव्हा तो वेळेचा अपव्यय वाटे.

दोघे राजी झाले की भाव रास्त, असे व्यापारात मानतात. मला ते अर्धेच खरे वाटते. एकाला माहिती आणि दुसऱ्याला घाई असेल, तर त्या राजीपणाला फारसा अर्थ नाही. ज्याला जास्त माहीत आहे त्याने आधी बोलावे. मग घासाघीस खुशाल करावी. बंदूक असो, वडिलोपार्जित जमीन असो की आजीच्या पाटल्या.

मुलगा त्यावर काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने विचारले, ‘आजोबांची ती बंदूक आता कोणाकडे असेल?’ मला सांगता आले नाही.