धर्मपिता फोटोपुरता नको



गेल्या वर्षी इथे बुऱ्हाणपूरला बाप्तिस्म्याच्या तयारीसाठी एक तरुण जोडपं आलं. मी विचारलं, "बाळाचा धर्मपिता कोण?" वडील म्हणाले, "माझा मोठा भाऊ. दुबईला असतो. सुट्टी मिळाली तर येईल." हॉल ठरला होता, केक सांगून झाला होता, बाळाचा पांढरा झगाही शिवून आला होता. तयारीच्या दोन बैठकांना मात्र कुणाला वेळ नव्हता.

मी चार शब्द सुनावणारच होतो, पण मला माझा स्वतःचा धर्मपुत्र आठवला. एकोणीस वर्षांचा असताना मी भुसावळला मावसभावाच्या मुलाचा धर्मपिता झालो. चांदीची साखळी दिली, फोटो काढले. पुढे वर्षानुवर्षं नाताळचा एक मेसेज, एवढंच. दृढीकरणाच्या वर्गात त्याला धर्मपित्याचं नाव विचारलं, तेव्हा त्यानं घरी फोन करून ते विचारून घेतलं. त्याच्या आईनं हे मला हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

म्हणून आज स्पष्ट लिहितो: धर्मपालक निवडताना आपण नात्याचा मान बघतो, श्रद्धेची सोबत बघत नाही.

ख्रिस्तसभेच्या कायद्याचा 874 वा नियम साधा आहे. धर्मपालकाचं वय साधारणपणे 16 वर्षं पूर्ण असावं, त्याचं दृढीकरण झालेलं असावं, तो ख्रिस्तप्रसाद घेणारा आणि श्रद्धेनं जगणारा असावा. बाळाचे आईवडील स्वतः धर्मपालक होऊ शकत नाहीत. दोघेच हवेत असंही नाही, एकटी धर्ममाता किंवा एकटा धर्मपिताही पुरतो. पैसा, पद, परदेश यांचा त्या नियमात उल्लेखही नाही. आपल्याकडे बऱ्याच घरांत मामा किंवा मावशी अलायन्स चर्चची असते. बाप्तिस्मा झालेली अशी व्यक्ती कॅथलिक धर्मपालकासोबत साक्षीदार म्हणून उभी राहू शकते. तेव्हा त्यांना वगळल्याचं दुःख कुणी करू नये.

ही जबाबदारी किती जड आहे, हे जुन्या लोकांना कळत होतं. इ.स. 200 च्या सुमारास तर्तुल्यन यांनी लहान मुलांच्या बाप्तिस्म्याची घाई करू नका असं लिहिलं. त्यांचं एक कारण असं, की जामीन राहणारे मरण पावले किंवा मूल वाईट मार्गाला लागलं, तर त्यांनी दिलेला शब्द मोडतो. ख्रिस्तसभेनं त्यांचा सल्ला मानला नाही, पण ती काळजी खरी होती. इटलीतल्या कातानिया महाधर्मप्रांतानं तर 2021 च्या ऑक्टोबरपासून तीन वर्षांसाठी धर्मपालक नेमणंच थांबवलं, कारण तिथं ती निव्वळ सामाजिक रीत होऊन बसली होती. आपल्यावर ती वेळ येऊ नये.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. चर्चमधला विधी हिंदीत, घरातली बोली मराठी. सैतानाला नकार देण्याचे प्रश्न येतात आणि आपण शेजाऱ्याचं ऐकून 'हाँ' म्हणतो. आपण कशाला होकार दिला, हे घरी कळलेलं नसतं. म्हणून त्या दोन बैठका टाळू नका. एक एक प्रश्न आपल्या भाषेत समजून घ्या. पास्काच्या मेणबत्तीवरून पेटवलेली बाळाची मेणबत्ती आपण का जपायची, हे विचारा.

त्या जोडप्याला मी माझी गोष्ट सांगितली. वडील म्हणाले, "दादा रागावेल." मी म्हटलं, "दादा काका आहेच. ते नातं कुठं जात नाही. बाळाला जे नाही, ते द्या." आठवडाभर विचार करून त्यांनी दर रविवारी मिस्सेच्या आधी चटया अंथरणाऱ्या एका विधवा बाईंना धर्ममाता केलं. काकांनी फोनवर थोडी कुरकुर केली, पण नंतर येऊन बाळाला कडेवर घेतलं. बाई आता बाळाला क्रुसाची खूण करायला शिकवतात. त्याचा हात अजून कपाळाऐवजी नाकाला लागतो.

प्रेषितांची कृत्ये आठवा. शौलाला यरुशलेमेत सगळे घाबरत होते, तेव्हा बर्णबानं त्याला प्रेषितांकडे नेलं आणि त्याच्याबद्दल शब्द दिला. धर्मपालकानं करायचं ते हेच.

मीही उशिरा का होईना, सुरुवात केली आहे. भुसावळ रेल्वेनं तासाभराच्या अंतरावर आहे. महिन्यातून एका रविवारी मी जातो, धर्मपुत्राबरोबर मिस्सेला बसतो. तो फार बोलत नाही. पण परवा त्यानं माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती.

हे प्रभू, ज्यांच्यासाठी आम्ही शब्द दिला, त्यांची नावं आम्हाला विसरू देऊ नकोस. आमेन.